दोघांनाही पक्की नोकरी

१४ डिसें., पंचवटी
दुपारी निखिल आला, व्हँकूव्हरहून. मी परवाच बर्गेनहून. एप्रिलनंतर आज प्रत्यक्ष दिसला. बारीक झालाय. चष्मा नवा, मला माहीतही नव्हता.
आईंनी (सासूबाई) दारातच दोघांच्या तोंडात पेढा कोंबला. बाबा गल्लीभर सांगत सुटलेत, "दोघांनाही पक्की नोकरी लागली!"
खरंच आहे. आधी मला नॉर्वेतून ऑफर, पाठोपाठ त्याला कॅनडातून. कायमची प्राध्यापकी. इतकी वर्षं दोन-दोन वर्षांच्या करारांवर हिंडलो तेव्हा ठरलेलं: ज्याला आधी पक्की मिळेल त्याच्याकडे दुसऱ्याने जायचं. दोघांनाही लागोपाठ मिळेल हे धरलंच नव्हतं. आणि दुसऱ्याने जाऊन तिथे करायचं काय? गणिताची कायम जागा एका गावात किती वर्षांनी एखादी निघते.
होकार महिनाअखेरपर्यंत कळवायचा. दोघांनीही अजून कळवलेला नाही.

१६ डिसें.
समोरच्या काकू पेढ्यांचं ऐकून आल्या. "मग आता कोण कोणाकडे जाणार?"
नि. चप्पल घालून दही आणायला गेला. दही घरात होतं.
काकू गेल्यावर आई भाजी निवडत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी काही विचारत नाही हं. पण छत्तिसावं लागलं ना तुला?"
त्यांचा राग येत नाही. आला असता तर सोपं गेलं असतं.

१८ डिसें.
कॉलेजात आमच्या तेव्हाच्या मॅडमनी बोलावलं होतं. एमएस्सीचा तोच वर्ग. इथेच नि. पहिल्यांदा बोलला होता माझ्याशी, तेही माझी सिद्धता चुकली म्हणून सांगायला. मॅडमनी विषय दिलेला, गणितानंतर परदेशात करिअर. शिफारसपत्रं, अर्ज, कोणाला कसं लिहायचं, सगळं आळीपाळीने सांगितलं. आम्ही एकत्र छान बोलतो. एकाचं वाक्य दुसरा पुरं करतो अजून.
शेवटी एक मुलगी उठली. "सर, मॅडम, तुम्ही दोघं राहता कुठे?"
नि. म्हणाला, "व्हिडिओ कॉलवर."
वर्ग हसला. मीही हसले. मग पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर.
तीच मुलगी मागोमाग आली. सायखेड्याची, पूजा. हळूच म्हणाली, "आमच्या वर्गातलाच एकजण आहे. दोघांनी मिळून अर्ज करायचाय. घरचे म्हणतात आधी लग्न. करू का मॅडम?"
"अर्ज कर," म्हणाले. "दोघांनीही करा."
आणखी सांगायला हवं होतं. तिचा चेहरा एवढा खुलला की जमलं नाही.

२१ डिसें.
इगतपुरी, माहेरी अप्पांकडे. नि. पण आला. अप्पा रेल्वेतून रिटायर झाले, माझी आई गेली, आता एकटेच. स्वयंपाक स्वतः करतात. भात मात्र मऊ होतो.
मला वाटलं होतं ते म्हणतील, बाईने जायचं असतं नवऱ्यामागे. नि. अंगणात फोनवर होता तेव्हा म्हणाले, "तुझ्या आईला शाळेत नोकरी लागली होती. माझी बदली भुसावळला झाली, तिने सोडली. मला कधी बोलली नाही त्यावरून."
"मग?"
"बोलली असती तर बरं झालं असतं. लय वर्षं वाट पाहिली मी, आज बोलेल, उद्या बोलेल."
मग उठले. नि. ला आवाज दिला, भात वाढला.

२३ डिसें.
सकाळी दोघंच गंगेवर, गोदाकाठी फिरायला. भाजीबाजार नुकता उघडत होता. शेवटी मीच तोंड उघडलं.
"तू सांग ना, ये म्हणून."
"तू सांग."
"मी सांगितलं तर येशील?"
मेथीच्या ढिगापाशी तो थांबला. "येईन. तुला आवडेल?"
"आवडेल. आणि तू घरात नुसता बसलेला दिसलास की भीती वाटेल."
"मलाही तेच." मग म्हणाला, "भांडण असतं तर मिटवता आलं असतं, रेवा."
हात धरला त्याने, भर बाजारात. पूर्वी कधी धरला नव्हता. मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आलो.

२७ डिसें.
नि. गेला. त्याचं सत्र लगेच सुरू होतं. जाताना आईंच्या पाया पडला, मग माझ्याकडे वळला आणि काय करावं ते दोघांनाही सुचेना. बाबा होते ना समोर. "पोचलास की कळव," एवढंच मी म्हणाले.
खोलीत त्याचा टॉवेल वाळत होता. घडी करून कपाटात ठेवला. आता त्या कपाटात दोघांचंही थोडं थोडंच सामान आहे.

३१ डिसें.
सकाळी बर्गेनला होकार पाठवला. आनंदच झाला, क्षणभर. एवढ्यासाठीच तर सगळं केलं.
नि. ला फोन. तिकडे अजून कालची संध्याकाळ.
"दिला होकार," म्हणाले.
"अभिनंदन," तो म्हणाला. मनापासून. मग थांबून, "मी परवाच दिला. तुला सांगायचं धाडस होईना."
मी पण अभिनंदन म्हणाले. आणखी काय म्हणणार?
त्याच्याकडे कुठेतरी ॲम्ब्युलन्स गेली.
"मे महिन्यात नाशिकला येशील?" त्याने विचारलं.
"परीक्षा आहेत माझ्या. जूनमध्ये?"
"जूनमध्ये माझी परिषद."
"मग बघू."
"बघू."
फोन ठेवला तर आई दारात, हातात कणकेचं ताट. "काय म्हणतो गं?"
"बघू म्हणतो."
त्या शेजारी येऊन बसल्या आणि कणीक मळायला घेतली.