तिघांसाठी दीड वाटी

बाबा, तुमच्यानंतर आता दादाही गेला. तेव्हापासून ऑफिसातून घरी आले की मी सरळ स्वयंपाकघरात येते आणि स्टूल ओढून तिथेच बसते. ठाण्याचं ऑफिस, कळव्याचं घर, सगळं होतं तसंच आहे. बोलायचा मात्र कंटाळा येतो. आई गेली त्या वर्षीचं आपलं स्वयंपाकघर आठवणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी सातवीत होते, दादा दहावीत. तुम्ही कोर्टात कारकून. तोवर तुम्ही कधी चहासुद्धा केला नव्हता. संध्याकाळी हातपाय धुऊन बनियनवरच कुकर लावायचात, आई घ्यायची तेवढेच तांदूळ घेऊन. चौघांचे. रोज भात उरायचा आणि रोज सकाळी फोडणीचा भात. जेवताना कुणी बोलायचं नाही, पंख्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मग मी गुणोत्तराची गणितं घेऊन ओट्यापाशी यायला लागले. दोनास तीन असं गुणोत्तर आहे. दोनाचे चार झाले, तर तिनाचे किती? मी म्हणायचे, पाच. तुम्ही पळी हातात धरून वळायचात. "अगं, इकडे दोन मिळवले म्हणून तिकडेही दोनच मिळवायचे? बेरीज नको बघूस, पट बघ. एका लिंबाला दोन चमचे साखर लागते. उद्या पाच लिंबं पिळलीस आणि साखर सहाच चमचे घातलीस, तर पिऊन दाखव मला!" असं बोलत राहायचात. उत्तर मात्र कधी सांगितलं नाहीत, आमटी खाली लागली तरी.

एकदा बाईंनी घरातलं एक उदाहरण स्वतः तयार करून आणायला सांगितलं. मी लिहिलं आणि तुमच्या शेजारी उभं राहून मोठ्यानं वाचलं: चार माणसांना दोन वाट्या तांदूळ लागतात, तर तीन माणसांना किती? वाचून झाल्यावर कळलं, मी काय वाचलं ते. बाहेरून दादा ओरडला, "दुसरं काही सुचलं नाही का गं तुला?" तुम्ही पाठमोरे उभे आहात, हात तांदळाच्या डब्यात. न वळताच म्हणता, "तिला ओरडू नकोस. उदाहरण बरोबर आहे. सोडव गं. आधी एकाचं काढ."

"अर्धी वाटी."

"मग तिघांचं?"

मला ते म्हणवेना. शेवटी दादाच दारात येऊन म्हणाला, "दीड."

तुम्ही पातेल्यातले अर्धी वाटी तांदूळ काढून परत डब्यात टाकलेत. त्या दिवशी भात उरला नाही. ताटं उचलताना म्हणालात, "उद्या सकाळी पोहे करू," आणि न्हाणीत जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून उभे राहिलात. बाहेर मी आणि दादा सकाळी कांदा कोण चिरणार यावरून भांडलो. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

माझी लेक आता सातवीत आहे. तिचं गणित इंग्रजीतून; गुणोत्तर म्हटलं की हसते. आज ओट्याला टेकून म्हणाली, "आई, रेशोचा एक सम अडलाय. ब्लू पेंट दोन भाग, यलो तीन. ब्लू आठ घेतला तर यलो किती?"

"बारा," मी म्हटलं. मान वर न करता. मग माझं मलाच कसंतरी झालं. "थांब, समजावून सांगते."

"नको गं, येतं मला. तू हल्ली बोलतच नाहीस ना, म्हणून विचारलं."

मी गॅस बंद केला. तिला तिच्या मामाचं सांगितलं, तो दारात येऊन "दीड" म्हणाला ते. मग तिनं आणखी विचारलं, मग आणखी सांगितलं. घसा दुखेपर्यंत बोलले आज.

हे कुठे पाठवायचं नाहीये, आणि सकाळी डबे आहेत, म्हणून थांबते. एवढंच सांगायचं राहिलं होतं. दोनाचे चार झाले की तिनाचे सहा होतात, हे मला तेव्हाही येत होतं, बाबा.