पणजोबांच्या कामानं फ्रान्सला

२ मे, शनिवार. दुपारी ४.१०
पोचलो. पॅरिसहून रेल्वे, पुढं बस. गावाचं नाव लिहायला सोपं, पण म्हणायला घसा खाकरावा लागतो. म्हणून या वहीत 'गाव' एवढंच लिहिणार.

येण्याचं कारण एकदा स्वच्छ नोंदवून ठेवतो. पणजोबा धोंडीराम आमच्या कडा गावाहून नगरला चालत गेले, पलटणीत खेचरं हाकायला लागले, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला आले आणि माघारी गेलेच न्हाईत. त्यांची जागा बघायची. बास. जागा नेमकी कोणती ते घरात कुणालाच माहीत न्हाई, पण मी अभ्यास करून हेच गाव ठरवलं.

लेक सायली इथून अकरा किलोमीटरवर राहती, हा योगायोग हाय. चार वर्षांमागं तिनं इथल्या पोरासंगं रजिस्टर लग्न केलं आणि आम्हाला फोटो पाठवून कळवलं. मी फोनवर म्हणलं, पुन्हा तोंड दाखवू नको. शब्द तो शब्द. तवापासून बोलणं न्हाई. नात दीड वर्षाची झाली, असं केसरबाई म्हणती. केसरबाई म्हणजे आमच्या मंडळी. गुडघ्यामुळं आल्या न्हाईत. मी नातीचं काय विचारलं नव्हतं, तीच आपणहून बोलली.

त्याच दिवशी, ९.०५
रात्रीचे नऊ वाजले आणि बाहेर लख्ख उजेड. तीस वर्षं साखर कारखान्यात टाइमकीपर होतो. हे झेपत न्हाई.

३ मे, रविवार
प्लॅन पक्का. सायलीला फोन करायचा न्हाई. फोन केला म्हणजे मी नमलो. त्याची गरजबी न्हाई. कड्याच्या स्टँडवर परका माणूस उतरला, तर चहाचा कप खाली ठेवायच्या आत गावभर होतं, हा कुणाचा पाहुणा. हे गाव तर कड्याहून बारकं. गुलाबी फेटा बांधून चौकात बाकड्यावर बसायचं. बातमी आपोआप लेकीपर्यंत जाणार आणि ती पळत न्यायला येणार. आली तर मी काय जा म्हणणार न्हाई.

९ ते १२.४० बसलो. चार माणसं आणि एक कुत्रं. चौघं 'बोंजूर' म्हणून पुढं गेले. कुणाचे पाहुणे, असं एकानंबी विचारलं न्हाई. कसली बे ही माणसं!

४ मे, सोमवार
इथं रविवारी दुकानं बंद, सोमवारी बी बंद. बातमी सांगायला दुकानदार तरी पाहिजे ना. उघडा असतो फक्त पाववाल्या बाईचा गाळा. त्यामुळं कालचा दिवस हिशेबात धरायचा न्हाई.

घरमालकीण ओदीलबाई, वय अठ्ठ्याहत्तर, एकटीच राहती. मोबाइलमध्ये फ्रेंच बोलती, मोबाइल मला हिंदीत सांगतो. तिनं विचारलं की दिवसभर कुणाची वाट बघता. मी म्हणलं, कुणाची न्हाई, पणजोबांसाठी आलोय. तिनं विचारलं की ते कितीच्या बसनं येणार. समजावता समजावता मोबाइलची बॅटरी संपली.

पण बाई पावाच्या दुकानात जाती रोज. बातमीला रस्ता मिळाला म्हणायचा.

५ मे, मंगळवार
युद्धातल्या माणसांची दफनभूमी पाहिली. पांढऱ्या दगडांच्या रांगा, गवत कापून सारखं केलेलं. धोंडीराम न्हाईत. आपल्याकडची अकरा नावं सापडली. एक पोरगं वीस वर्षांचं होतं. लई वाईट वाटलं. त्यांच्याकडं कोण येत असंल, असा विचार आला, म्हणून अकराच्या अकरा नावं मोठ्यानं वाचली. मग पणजोबा दुसरीकडं असतील असं ठरवलं. अभ्यास योग्यच होता, पुरावा तेवढा मिळाला न्हाई.

येताना शिवारातून चालत आलो. मोहरीसारखं पिवळं पीक, नजर पोचंल तिथवर. आपल्या पाटोद्याकडच्या डोंगरावर हायेत तसल्या पवनचक्क्या. एका शेताच्या कडंला गंजलेला तोफगोळा ठेवलेला. शेतकऱ्यानं खुणा करून सांगितलं की हात लावू नका, नांगरताना अजून निघतात, सरकारचा माणूस येऊन नेतो. मी त्याला खुणेनंच म्हणलं, पुन्हा पुरून टाक की. तो हसला.

आणि इथं साखर कशापासून? मुळ्यासारख्या कंदापासून! ऊस न्हाई, कोयता न्हाई. हे सायलीला सांगितलं पाहिजे. म्हणजे पाशाभाईला. पाशाभाईला सांगितलं पाहिजे.

चौकात बसायचं राहिलं. उद्या दोन तास जास्त.

६ मे, बुधवार
८.३० ते ६. धपाटे संपले. शेवटचं जरा वास मारत होतं तरी खाल्लं.

कड्याला गॅरेज असलेल्या पाशाभाईचा व्हॉइस मेसेज. बे सुंदऱ्या, पोरीच्या घरी गेलास का न्हाई, असं विचारत होता. मी कळवलं, संशोधन चालू हाय, वेळ मिळाला तर बघू. त्यानं नुसता एक हसरा चेहरा पाठवला. मित्र असून कुत्सित हाय.

सायलीच्या गावची बस याच चौकातून सुटती. ८.१५, १०.२५, १.४०, ५.५०. मुद्दाम बघितलं न्हाई, सवय हाय. १०.२५ आज तीन मिनिटं लेट.

माहेरचं माणूस लेकीला आणायला जातं, त्याला मूळ म्हणतात. बापाला न्यायला लेकीकडून कुणी यायचं, याला काय म्हणतात? शब्दच न्हाई. म्हणून तिला सुचत नसंल.

७ मे, गुरुवार
१०.२५ मध्ये बसलो. सीट कशी हाय ते बघायला. सीट चांगली हाय. दुसऱ्या स्टॉपला उतरलो. लेकीच्या दारी बाप बिनबोलावता जात न्हाई, ही आपल्याकडची रीत हाय, मी काय काढलेली न्हाई. चार किलोमीटर चालत माघारी. बुटानं टाच सोलली.

संध्याकाळी बाकड्यावर बसून वाटलं, एवढ्या माणसांत मला नावानं हाक मारणारं कुणीच न्हाई. पाच दिवसांत इथल्या कुणी माझं नाव घेतलं न्हाई. एकदा स्वतःच घेऊन बघितलं. बरोबर न्हाई वाटलं.

८ मे, शुक्रवार
आजचा दिवस सोन्याचा!

इथं आज युद्धविजयाची सुट्टी. शहीद स्तंभापाशी अख्खं गाव जमलं. बँड, शाळेची पोरं, कमरेला तिरंगी पट्टा बांधलेला महापौर. तो तिरंगा त्यांचा. युद्ध दुसरं, पणजोबा पहिल्यातले, पण एवढं बारीक कोण बघतं. फेटा बांधून पहिल्या रांगेत उभा राहिलो. महापौरानं हात मिळवला आणि मोबाइलमधून विचारलं की कशासाठी आलात. मी छाती काढून सांगितलं, फक्त आणि फक्त पणजोबांसाठी. त्यानं ते माइकवरून जाहीर केलं. सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. पेपरवाल्यानं फोटो घेतला.

आता बातमी न जाऊन जाती कुठं! उद्या सकाळी सायली दारात. काय बोलायचं ते ठरवून ठेवलं. आधी जरा गप्प राहायचं. मग म्हणायचं, वाळलीस. मग पोरीला घ्यायचं.

९ मे, शनिवार. संध्याकाळी ७.२०
पहाटे दाढी केली. ८ पासून बाकड्यावर. दुपारी ओदीलबाई सूप घेऊन आली आणि शेजारी बसली. मोबाइल घरी विसरून आलती. सूपमध्ये मीठ कमी होतं, पण मी सगळं पिलो.

५.५० ची गेली.

लेकीची जात कठोर. कुणावर गेली कोण जाणे.

१० मे, रविवार. पॅरिस एअरपोर्ट, सकाळी ९.४०
केसरबाईचा फोन आलता. जसं सांगितलं तसं लिहितो.

सायलीला सोमवारीच कळलं होतं. ओदीलबाईनं पाववालीला गुलाबी फेट्याच्या पाहुण्याचं सांगितलं, पाववालीनं सायलीच्या सासूला. म्हणजे माझा हिशेब बरोबर होता. बातमी गेली.

बुधवारी सायली पोरीला घेऊन आलती. चौकात, औषधाच्या दुकानापाशी उभी राहिली. वीस मिनिटं. आबा वाळलेत, असं आईला म्हणाली. पुढं यायचा धीर झाला न्हाई. शुक्रवारी पुन्हा आली. गर्दीत होती. आज बोलायचंच, असं ठरवून आलती. तेवढ्यात महापौरानं माइकवरून सांगितलं. मग तिनं बी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली. आईला म्हणाली, आबा पणजोबांसाठी आलेत, माझ्यासाठी न्हाई. तोंड दाखवू नको म्हणलेत, मी त्यांच्या कामात आडवी कशाला जाऊ?

मी केसरबाईवर ओरडलो, हे मला आधी कावून सांगितलं न्हाई. ती म्हणाली, तिचं नाव या घरात काढायचं न्हाई, हा हुकूम कुणाचा? मी म्हणलं, असले हुकूम लगेच पाळायचे असतात का! ती रडायला लागली.

१०.०५
सायलीला फोन लावला. नंबर चार वर्षं पाठ हाय. पहिल्याच रिंगला उचलला. आबा, म्हणाली. मागं पोरगी बडबडत होती. फ्रेंच होतं का मराठी, कळलं न्हाई.

वाळलीस म्हणायचं होतं. फोनवर दिसत न्हाई, म्हणून म्हणता आलं न्हाई. तोंडातून निघालं, पणजोबांचं काम झालं बघ. ती म्हणाली, बरं झालं. मी म्हणलं, हो. मग तिनं विचारलं, आबा, पुन्हा येताल का इकडं? मी म्हणलं, बघू, काम निघालं तर येऊ.

बोर्डिंगची घोषणा झाली. म्हणजे झाली नव्हती, पण मी तसं सांगून फोन ठेवला.

विमानात
अजून सहा तास हायेत. फ्रान्समध्ये आपलं आणखी काय काम निघू शकतं, त्याची यादी करायला वहीची दोन पानं मोकळी सोडलीत. तीन तास झाले. अजून एक बी सुचलेलं न्हाई.