चौदावा फर्मा

आधी माझे धाकटे दीर, भावोजी, आले, खाकरत, सत्काराला व्यासपीठावर चढतात तसे. मागून माझा मुलगा, काखेत कागदांची पिशवी. सून चहा टाकायला आत वळली. मुलगा म्हणाला, "आई, दवाखान्याच्या सवलतीचा फॉर्म आहे. इथं अंगठा लाव की झालं." भावोजी म्हणाले, "वहिनी, वाचायची कटकट तुम्हाला नकोच. आम्ही आहोत ना!"

कागद त्यांच्या बाजूनं सरळ होता, माझ्या बाजूनं उलटा. उलट्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं, बक्षीसपत्र. खाली माझं राहतं घर, त्याखाली तळमजल्यावरचा बाइंडिंगखाना, आणि घेणारे म्हणून हे दोघे. मी म्हटलं, "अरे, अंगठ्याला खळ लागलीय, सकाळपासून पुठ्ठे चिकटवतेय. ठसा नीट उठायचा नाही. दोन दिवसांनी या." चहा पिऊन गेले बापडे. ते जिना उतरले आणि मी लिहायला बसले.

तर मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा पुस्तकबांधणी, डोकं ठिकाणावर, कान अर्धे, डोळे पूर्ण, कोणाच्या धाकानं किंवा गोडीगुलाबीनं न भुलता, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. इतकी मजा असते हे माहीत असतं तर दरवर्षी केलं असतं.

स्वतःच्या अक्षरात म्हटलं, त्याचा खुलासा. शाळेत मी दोन वर्षं गेले, तीही धाकट्या भावाला सांभाळत, पायरीवर. लग्न होऊन इथं आले आणि घडी घालायला बसले. छापखान्यातून मोठा कागद येतो, त्यावर सोळा पानं असतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो. त्यातली अर्धी पानं सरळ आणि अर्धी डोक्यावर उभी असतात, घडी पडली की सगळी रांगेत येतात. मी पानांच्या आकड्यांवरून घड्या घालायला शिकले, आकड्यांवरून अक्षरांकडे गेले, आणि तीन वर्षांत सरळ-उलटं सगळं सारखंच वाचू लागले. रद्दीवर गिरवून गिरवून लिहायलाही शिकले. कुणाला सांगितलं नाही. एकदा सांगायला गेले होते. मुलगा दहा वर्षांचा होता, त्याच्या पुस्तकातली एक ओळ मी वाचून दाखवली, तर हसून म्हणाला, "आई, पाठ केलंस होय!" मग म्हटलं, राहू दे. घरातली प्रत्येक वस्तू चारचौघांची होती. ही एक माझी राहू दे.

कलम पहिले. राहते घर व खालचा बाइंडिंगखाना. हे माझ्या नावावर सासूबाईंनी केलं. बाई तोंडानं फटकळ, मला तिनं कमी छळलं नाही. पण जाताना म्हणाली, "धाकट्याच्या हाती घर गेलं तर त्याची कादंबरी होईल, छप्पर राहायचं नाही." तिची परतफेड म्हणून मी ही सर्व वास्तू, पुस्तकं दाबायच्या शिकंज्यासकट, माझ्या सुनेला देते. तिनं चहाचा ट्रे ठेवताना माझ्या पायावर पाय दिला होता, मुद्दाम, की कागद बघा; मला वाचता येतं हे तिनं केव्हाच ताडलंय. पाटीवर एकटीचं नाव लावावं. माझ्या मुलाला तिला वाटेल तोवर तिथं राहता येईल. स्वतःची कपबशी त्यानं स्वतः विसळावी.

कलम दुसरे. मुलाला माझी अंगठ्याची शाईची डबी. फार वापरली नाही, नव्यासारखी आहे.

कलम तिसरे, भावोजींचे. हे लांबेल.

मी पंचविशीत एकदा पिशवी भरून बसस्टँडवर गेले होते. घरात दिवसभर "अगं" शिवाय कुणी हाक मारत नव्हतं, कंटाळले होते. तिथं बाकावर बसून गावांच्या नावांचा अख्खा फलक वरपासून खालपर्यंत वाचला. यातल्या कुठल्याही गावी मला तिकीट काढता येईल, उतरल्यावर पाटी वाचता येईल, हे कळलं तेव्हा छातीत असं काही फुललं की मी एकटीच हसत बसले. मग परत आले. का? तर एका रहस्यकथेचा पुढचा फर्मा दुसऱ्या दिवशी येणार होता आणि खून कुणी केला ते मला कळायचं होतं.

चूक एवढीच झाली की हे बसस्टँडचं मी भावोजींना सांगितलं. वाचनाचं आणि खुनाचं वगळून. ते रोज चार वाजता चहाला यायचे, "बोला वहिनी, मनात साठवू नका" म्हणायचे. मी बोलले. त्यांनी त्यावर कादंबरीचं पुस्तक छापलं! बांधायलाही आमच्याकडेच आलं, पाचशे प्रती, चौदा फर्मे. तेरा फर्म्यांत मीच होते, माझी खळ, माझी पिशवी, माझी सासू. चौदाव्यात ती बाई पश्चात्ताप पावून घरी येते आणि नवऱ्याच्या पायरीवर डोकं टेकून मरते. मी जिवंत, याला रोज आलं ठेचून चहा देतेय, आणि यानं मला पायरीवर मारलं!

आमचे हे त्या आठवड्यात तापानं पडले होते. मी पाचशेच्या पाचशे प्रतींमधून चौदावा फर्मा काढून ठेवला आणि बाकीचं शिवून टाकलं. तेरावा फर्मा संपत होता तो असा: "तिने दार उघडले आणि". वर पुठ्ठा.

मला वाटलं बोंब होईल. तर पेपरात आलं, काय तो शेवट! स्त्रीचं स्वातंत्र्य एका 'आणि'मध्ये! भावोजी शेवट गायब बघून धावत आले होते, चेहरा पांढराफटक. पेपर वाचला आणि माझ्यासमोर यांना म्हणाले, "मुद्दामच ठेवला तसा." तेव्हापासून 'आणि'वर भाषणं देत हिंडतात. शाली मिळाल्या. पुढच्या आवृत्त्याही 'आणि'वरच निघाल्या. त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार आहेत, छापखान्याचे, मित्राचे, घरमालकाचे. माझा काना-मात्रासुद्धा नाही.

तर माळ्यावर कापडात बांधलेले ते पाचशे फर्मे मी छापखान्याच्या खिळेवाल्यांकडे वाटायला सोपवते. त्यांनीच तो मजकूर शिशाच्या अक्षरांच्या खिळ्याखिळ्यानं जुळवला होता, आणि सगळं ओळखून इतकी वर्षं मिशीत हसत गप्प राहिले. माझ्या पश्चात त्यांनी भावोजींच्या सत्काराला जावं आणि खुर्चीखुर्चीवर एकेक ठेवावा.

माझ्या शोकसभेत भावोजींनी बोलू नये. दुःख अनावर झाल्यास लिहून काढावं आणि दुसरीकडे बांधायला द्यावं.

कलम चौथे. दाभण, कात्री आणि घडीची हाडाची पट्टी सुनेला. पट्टी माझ्या अंगठ्याच्या आकारानं झिजली आहे, तिला नीट बसणार नाही. तिनं तासून घ्यावी.

इथवर झाल्यावर साक्षीला शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. सून साक्षीदार चालत नाही, कारण घर तिला मिळतंय, असं त्याच म्हणाल्या. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आजी, फर्मे तुमच्या पश्चात वाटले, तर भावोजींचं तोंड तुम्हाला कसं दिसणार?"

खरंच की! मी बावळट.

सबब कलम तिसऱ्यात दुरुस्ती. 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडले आहेत, खोडलेल्या जागी सही केली आहे. फर्मे आजच माळ्यावरून उतरवून टेबलावर ठेवले आहेत. हे मृत्युपत्र मी हयात असताना, भावोजी व मुलगा यांच्यासमोर, मी स्वतः मोठ्यानं वाचणार आहे.

सही: अंगठा नाही, पूर्ण नावानं केली आहे.
साक्षीदार १: खिळेवाले, छापखान्यातून निवृत्त. सही.
साक्षीदार २: डॉक्टरीणबाई, शेजारचा दवाखाना. सही.
ठिकाण: बाइंडिंगखाना, खिडकीजवळचं टेबल.
दिनांक: मंगळवार, चौदा तारीख.
दोघं परत येतो म्हणाले आहेत: गुरुवारी, सकाळी अकराला.