'डोन्ट एक्स्पेक्ट'

कोल्हार, २० डिसेंबर

आज मी खोटं बोलले. तेही इंग्रजीच्या बाबतीत, जे मी शाळेत तीस वर्षं शिकवलं.

दुपारी शेजारच्या मार्थाबाई मोबाईल घेऊन आल्या. त्यांचा मुलगा दुबईला असतो, पण तो स्वतः काही कळवत नाही. नाताळचा निरोपही सुनेनंच पाठवलेला. ती केरळची, म्हणून इंग्रजीत. मी मोठ्यानं वाचला, "प्लीज डोन्ट एक्स्पेक्ट अस."

"बाई, एक्स्पेक्ट म्हंजी काय वं?"

"वाट बघणं," मी म्हणाले. आणि पुढे भलतंच सांगून बसले, "यायचं अजून नक्की नाही, म्हणतेय."

का सांगितलं मी तसं? त्यांची दया आली म्हणून? की 'येणार नाहीत' म्हणायला मलाच धीर झाला नाही?

संध्याकाळी बघते तर त्या ओट्यावर करंज्यांसाठी खोबरं किसत बसलेल्या. चांगली परातभर. मग मात्र राहवेना. जवळ जाऊन सांगून टाकलं, "मार्थाबाई, ते येणार नाहीत. मी तुम्हाला चुकीचा अर्थ सांगितला."

त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता रडतील.

"तुमी वाचलं तवाच 'डोन्ट' आयकलं हुतं मी," त्या म्हणाल्या. "पन तुमी शिकलेल्या. तुमी येगळं सांगितलं, तवा वाटलं, माझंच आयकायचं चुकलं आसंल."

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.