अळूवड्यांचा डबा

आई,

आज इथे आखातातल्या आपल्या अल हिलालच्या जुन्या घराजवळच्या दुकानात अळू दिसलं. काळ्या देठाचं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर किमतीचं स्टिकर. तुझ्या वेळी इथल्या भाजीवाल्याची मजल कोबी, बटाटा आणि काकडीच्या पुढे जात नव्हती. आता शेपू मिळते, शेवग्याच्या शेंगा मिळतात, आणि अळूही मिळतं. मी जुडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. दरवेळी असंच करते. दुकानातला मल्याळी माणूस आता मला ओळखतो, आणि ही बाई भाजी घ्यायला येते की भेटायला, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. त्याला काय सांगणार? म्हणून तुला लिहायला बसले आहे.

तुला माझा तिसरीचा वर्ग आठवत असेल. तू तिथे एकदाच आलीस. सगळी शाळा बूट घालून खटखट चालायची, आणि आमच्या वर्गाबाहेर मात्र बुटांची रांग, देवळाबाहेर असावी तशी. आमच्या बाई हवाई बेटांवरच्या. त्यांच्याकडे म्हणे वर्गात पायताण घालून शिरत नाहीत आणि मुलं बाईंना आंटीच म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना आंटी म्हणायचो. बाबांच्या कंपनीने फी भरली म्हणून मी त्या शाळेत होते, एरवी क्रेनच्या मेकॅनिकच्या मुलीला तिथे कोण विचारतंय! मराठी मी एकटीच. सकाळी सगळे सतरंजीवर गोल करून बसायचो आणि आंटी कामं वाटायच्या. कुणी पेन्सिलींना टोक करायचं, कुणी पुस्तकं लावायची, कुणी खिडकीतल्या कुंडीला पाणी घालायचं. काम मिळणं हा मान आहे, असं त्या सांगायच्या, आणि आठ वर्षांची आम्ही पोरं त्या मानासाठी भांडायचो. फक्त कुंडीसमोर भांडायचं नाही, हा नियम होता. भांडण आलंच तर दोघांनी बाहेर व्हरांड्यात जायचं. कारण कुंडीत आमचा थोरला भाऊ होता.

ती गोष्ट तुला मी कधी नीट सांगितली नाही. आंटींच्या बेटांवर लोक मानतात की जगातलं पहिलं मूल जिवंत जन्मलंच नाही. आईबापांनी त्याला घराजवळ पुरलं आणि त्या जागी एक झाड उगवलं, मोठ्या पानांचं, हृदयाच्या आकाराचं. मग दुसरं मूल झालं, ते माणूस. म्हणून ते झाड माणसाचा थोरला भाऊ. आपण त्याला पाणी घालायचं, त्याने आपल्याला जेवू घालायचं. आंटींनी भाजी मार्केटातून इजिप्शियन लोक खातात ते कंद आणले होते, त्यातला एक रुजला आणि बघता बघता चार पानांचा झाला. त्यांच्या भाषेत ते कालो. मला अळू फक्त वडीत ठाऊक होतं, उभं असलेलं मी ओळखलंच नाही.

तू आलीस ते पालकांच्या दिवशी. दाराशी कुणी न सांगता तू चपला काढल्यास. बाकीच्या आया बुटांसकट आत उभ्या होत्या, आणि आंटींनी ते पाहिलं, तुझ्याकडे बघून हसल्या. मी मात्र तुझ्या टाचा पाहिल्या, भेगा पडलेल्या. तू बेसनाचे लाडू आणले होतेस आणि डबा घेऊन वर्गभर फिरत होतीस, "खावा, खावा, घरचंच हाय," करत. मग आंटींचा हात धरून म्हणालीस, "मिस, ये घर में बहुत बोलती है, इधर चुप रहती है क्या?" दोन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. त्या कशाला हसल्या हे मला आजही नक्की माहीत नाही, लाडवाला असतील किंवा आपसातल्या कशाला असतील. पण त्या दिवशी बसमध्ये मी ठरवून टाकलं की तू पुन्हा त्या वर्गात यायचं नाही.

मग ईदची सुट्टी आली. कुंडी घरी नेण्याचा मान मला मिळाला. बसमध्ये मांडीवर घेऊन आणली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. तू विचारलंस, "हे काय गो?" मी म्हटलं, "आंटींनी दिलंय. फॉर द हॉलिडेज." आणि दप्तर टाकून शेजाऱ्यांकडे टीव्ही बघायला पळाले. मी तेव्हा निम्मं तुझ्याशी इंग्रजीतच बोलायचे, आणि उरलेलं निम्मं पळता पळता. तू आपल्या रीतीने समजलीस: सणाचं बाईंनी काहीतरी भेट म्हणून पाठवलंय. आणि पाठवलंय काय, तर अळू. तीन वर्षांत तुझ्या डोळ्यांना न दिसलेलं. बाबा नंतर सांगायचे की ते उत्तरेकडच्या शमालच्या साइटवरून गुरुवारी घरी आले तेव्हा तू कुंडी खिडकीत धरून एकेका पानाच्या शिरा त्यांना दाखवत होतीस, जणू सोनाराकडून आणलंय.

शुक्रवारी दुपारी मी घरात शिरले तर सगळीकडे तळणाचा वास. ताटात वड्या. चिंच, गूळ, वरून तीळ. मी उभ्या उभ्या तीन खाल्ल्या, आणि मग मला खिडकीत कुंडी दिसली. नुसते कापलेले देठ. मी जी किंचाळले ती इंग्रजीत. "दॅट वॉज अवर ब्रदर!" तू झारा हातात घेऊन तशीच उभी राहिलीस. "भाऊ? कुणाचा भाऊ?" तू बाबांना विचारलंस. बाबांनाही कळेना. मी रडत रडत जे काय सांगितलं त्यातून तुला एवढंच समजलं की झाड भेट नव्हतं, मुलांचं होतं, सांभाळायला दिलं होतं. तू खाली बसलीस. "मला वाटलं दिलंय," म्हणालीस. "अगो, मला वाटलं त्यांनी दिलंय." मग रात्री उरलेल्या वड्यांतल्या चांगल्या चांगल्या निवडून डब्यात भरल्यास. शनिवारी शाळा उघडली, त्या सकाळी तो डबा माझ्या हातात देताना म्हणालीस, "मिसना सांग, आयेला ठाऊक नव्हतं. माफ करा म्हणावं."

शाळेत मुलं कुंडीभोवती गोळा झाली. एक मुलगा रडायला लागला. मी डबा पाठीमागे लपवला होता, पण वास कुठे लपतो? आंटींनी तो हातातून घेतला, उघडला, एक वडी तोंडात घातली, आणि खाता खाता थांबल्या. मला वाटलं, आता थुंकणार. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांची आजी हीच पानं शिजवायची, त्या म्हणाल्या. नीट शिजली नाहीत तर घसा खाजतो, आणि ही खाजत नाहीत, म्हणजे करणारीला सगळं येतं. मग मुलांना जवळ बसवून सांगितलं, भाऊ मेलेला नाही, कंद मातीत आहे, पानं पुन्हा येतील, आणि भावाने जेवू घालायचं असतं ते त्याने घातलं. प्रत्येकाच्या हातावर अर्धी अर्धी वडी ठेवली. रडणाऱ्या मुलाने दोनदा मागून घेतली. आणि मला म्हणाल्या, तुझ्या आईला सांग, या देशात आल्यापासून आज पहिल्यांदा मी घरी जेवले. बुधवारी तिला वर्गात घेऊन ये. ती आम्हाला शिकवेल.

त्या दिवशी तू दारातच उभी होतीस. "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "काही नाही." डबा कुठे आहे विचारलंस, तर म्हटलं शाळेत राहिला.

दुसऱ्या दिवशी आंटींनी डबा परत दिला. रिकामा नाही. त्यांच्याकडेही दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, आई. त्यात नारळाच्या दुधाच्या पांढऱ्या वड्या होत्या, थंडगार, आपल्या खोबऱ्याच्या वडीपेक्षा मऊ. बसमध्ये मला भूक लागली होती. मी सगळ्या खाल्ल्या, पाण्याच्या बाटलीने डबा विसळला आणि घरी आणला. तू झाकण काढलंस. आत बघितलंस. पुन्हा लावलंस. शेजारच्या बाईंशी एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं, तेव्हाही त्यांनी तुझ्या वाटीत चिमूटभर साखर घालूनच ती परत केली होती. तू मला काहीच विचारलं नाहीस. डबा फडताळात अगदी मागे ठेवून दिलास, आणि पुढे कधी वापरलेला मी पाहिला नाही.

बुधवारी आंटींनी पँट्रीतून विजेची शेगडी मागून आणली होती. मुलं हात धुऊन बसली होती. मी सांगितलं, आईला बरं नाही. पुढच्या वर्षी आंटी आपल्या बेटांवर परत गेल्या.

तुझं मात्र संपलं नाही. सुट्टीत गावी गेलो तेव्हा परसातला अळूचा कंद तू वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घातलास. "मुलांचं झाड मुलांना देऊया." मी म्हटलं, आंटी गेल्या, आता तो वर्गही नाही. ते तेवढं खरं बोलले. तू तो कंद तुपाच्या पत्र्याच्या डब्यात लावलास, मागच्या दाराशी, एसीचं पाणी ठिबकायचं तिथे. तिथल्या उन्हातही तो जगला, कारण तू दिवसातून दहादा त्याला सावलीत सरकवायचीस. सुपाएवढी पानं यायची. बाबा म्हणायचे, "अगं, एकदा वड्या कर की." तू म्हणायचीस, "नको. ते पोरांचं हाय." पानं पिवळी होऊन गळायची, पण तू कात्री लावली नाहीस. मी शाळेत जाता-येता त्याच्या बाजूने जायचे. पाचवीत, आठवीत, दहावीत. जीभ रोज होती माझ्या तोंडात.

आठ वर्षांची पोर होते, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. मुलं वागतात तशी वागले. पण तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नर्स सलाईन बदलून गेली होती आणि तू अचानक विचारलंस, "त्या मिस अजून रागावलेल्या असतील काय गो?" मला क्षणात कळलं कुणाबद्दल विचारतेस. तेव्हा सांगता आलं असतं. दोन वाक्यं होती. पण ती सांगितली असती तर इतकी वर्षं का नाही सांगितली हेही सांगावं लागलं असतं, आणि मला तुझ्या डोळ्यांत मी तशी दिसायला नको होते. मी तुझं पांघरूण नीट केलं आणि म्हटलं, "विसरल्या असतील, आई. किती वर्षं झाली." तू मान हलवलीस. मला लाज वाटते. तेव्हा वाटली, आत्ता लिहितानाही वाटते आहे, आणि दुकानात जुडी उचलली की हाताला वाटते.

माझी लेक आता तिसरीत आहे. मी मराठीत बोलले की इंग्रजीत उत्तर देते आणि पळते. कागद बघून मघाशी विचारून गेली, "हू आर यू रायटिंग टू?" मी म्हटलं, कुणाला नाही. हेही खोटंच, पण हा कागद कुठे जायचा नाही, एवढं मात्र खरं.

वर एक खोटं लिहिलंय, ते खोडत नाही, इथेच सांगते. बसमध्ये मला भूक लागली नव्हती. डब्यात तुला काही दिसलं असतं तर तू विचारलं असतंस. मग मला सगळं सांगावं लागलं असतं. आणि बुधवारी तू आली असतीस.