एकोणीस तारखेच्या आत गाडी गार व्हायला पाहिजे

४ मे, सोमवार

दुपारी एक ते अडीच, दीड तास गाडीतला एसी चालवला. बाहेर ४३. आत ३६ होतं, दीड तासानं ३५. एक डिग्री! एवढं तर पुठ्ठ्यानं वारा घातला तरी झालं असतं.

फेब्रुवारीत हाच एसी लावला तेव्हा हे गाडीतल्या पलंगावरून म्हणाले होते, "शमीम, चादर डाल ग, ठंड लगती." आता काय धाड भरली त्याला?

१९ ला पुण्याच्या मणक्याच्या डॉक्टरांची वेळ आहे, अकराची. आठ महिने थांबून मिळालीय. ह्यांचे हात किती चालतील, खुर्चीत बसता येईल का, सगळं तपासून सांगणार आहेत. पंधरा दिवस आहेत हातात. एसी व्हायलाच पाहिजे.

५ मे, मंगळवार

एसीची जाळी काढून धुतली. पाणी काळंकुट्ट. वाळवून बसवली. बा. ४३, आ. ३५. काडीचा फरक नाही.

जेऊरहून जब्बारचा फोन. धाकटा भाऊ माझा, पण सल्ले थोरल्यासारखे. "आपा, यवडा उपद्व्याप कशाला? रातचं निगायचं की." सगळे हेच सांगतात. रात्री समोरच्या गाडीचे दिवे माझ्या डोळ्यात घुसतात, रस्ता दिसत नाही. त्याला ट्रॅक्टरशिवाय काही चालवता येत नाही. आणि परत येताना काय? अँब्युलन्सचं नाव काढलं तर हे भिंतीकडं तोंड करतात.

चार वर्षं झाली. पाहुण्यांचं सामान बांधताना ह्याच गाडीच्या टपावरून पडले. तेव्हा सतरा सीटची भाड्याची गाडी होती, आता सीटा काढून मी तिची घरगाडी केलीय. छातीखाली ह्यांना कळत नाही, घामही येत नाही. गेल्या मे महिन्यात रिक्षानं इथल्या नवी पेठेपर्यंत नेलं, वीस मिनिटं फक्त, आणि अंग असं भाजलं की डोळे पांढरे केले. मी भर रस्त्यात बर्फ फोडून ओढणीत बांधून अंगावरून फिरवत होते. माणसं बघत उभी. पुन्हा ते नको. नको म्हणजे नकोच.

७ मे, गुरुवार

बसवराज आला. अक्कलकोटचा, फ्रीज-एसी दुरुस्त करतो. गाडीत पायसुद्धा ठेवला नाही, खालूनच निकाल दिला. "गॅस गेलाय वहिनी."

म्हटलं, "बघितलंस का?"

"बघायचं काय त्यात? थंड न्हाय म्हणजे गॅस."

ह्या गावात फ्रीज बिघडला तर गॅस, पोट बिघडलं तर गॅस. नळी कापून भरावा लागेल म्हणे, ह्या एसीला गॅस भरायचं तोंडच नाही. कापायची हत्यारं पण काढली बाहेर. मी म्हटलं, थांब. थर्मामीटर नेऊन जिथून हवा येते तिथंच धरला. १४!

"गॅस गेला तर हे चौदा कुठून आलं रे?"

डोकं खाजवलं त्यानं. "मग थंडच हाय की."

"हाय की. मग पलंगापाशी पस्तीस का हाय?"

ह्यावर त्यानं चहा मागितला.

चहा दिला. नळी कापू दिली नाही.

९ मे, शनिवार

सकाळी सातला शिडी लावून टपावर, एसी तिथंच बसवलाय. ओढणी कमरेला गुंडाळली. इथूनच पडले ना हे. चढताना खाली बघितलं नाही.

वरचं झाकण काढलं तर पत्र्यांच्या बारीक फटीत कापसाचं तूस गच्च बसलेलं. आमच्या भवानी पेठेत शेजारी टॉवेलचे माग, दिवसभर तूस उडतं, भाकरीवरसुद्धा बसतं. ब्रशनं खरवडलं, पाण्यानं धुतलं. एक टॉवेल विणून होईल एवढं निघालं! लई खूश झाले मी. म्हटलं सापडला चोर.

बसवराजनं घरातून जाड वायर ओढून दिली. आधीची बारीक होती, हाताला गरम लागायची. आता एसी सुरू होताना कण्हत नाही.

बा. ४४, आ. ३६ वरून ३४. चोर नव्हता तो. चोराचा भाऊ होता.

११ मे, सोमवार

घड्याळ घेऊन गाडीत बसले. घाम नुसता धारांनी. पाच मिनिटं मशीन चालतं, मग ठक्, बंद. नुसता पंखा. चार मिनिटांनी परत सुरू. पाच मिनिटांनी परत ठक्. सात वेळा लिहून काढलं. आत चौतीस आणि हा म्हणतो माझं काम झालं! सरकारी नोकरीत होता की काय आधी.

बसवराज म्हणाला थर्मोस्टॅट गेलाय. मुंबईहून येईल, दहा-बारा दिवसांत. म्हणजे २२-२३.

"१९ ला पाहिजे."

"मग तारीख बदला की वहिनी."

"तू बस आठ महिने खाटेवर, मग सांग मला तारीख बदला." लई जोरात बोलले. बिचारा पाने-पक्कड गोळा करून गेला. उद्या फोन करून गोड बोलायला पाहिजे.

ह्यांना सांगितलं. छताकडं बघत म्हणाले, "रहने दे ग. अगले साल देखते."

"अगलं साल कुणी बघितलंय?"

डोळे मिटून घेतले. दोन घास कमी खाल्ले. माझ्यासाठी जीव तुटतो त्यांचा, मला राबताना बघवत नाही, असं मला वाटलं.

१२ मे, मंगळवार

बसवराजला फोन केला. हसला. "आमच्या घरात पण असंच बोलत्यात मला." मुंबईचा पार्ट मागवू नको म्हटलं. का म्हटलं ते मला पण सांगता आलं नाही. चौदा बाहेर येतं आणि पलंगापर्यंत पोचत नाही. मधे कुठं जातं? दिवसभर हेच डोक्यात. आमटी खारट झाली.

१४ मे, गुरुवार

सगळं नीट लिहायचं.

जुम्मेरात, म्हणून संध्याकाळी घरात ऊद घातला. दर गुरुवारी घालते. मग वाटलं गाडीत पण फिरवावा, पुण्याला जायचंय, चांगलं असतं. एसी चालूच होता. धुपाटणं पलंगावर धरलं तर धूर खाली येईना! हवा ज्या फटीतून येते तिथवर गेला, वाकला, आणि बाजूच्या जाळीत सरळ वर ओढला गेला. पुन्हा धरलं. पुन्हा तेच. गार हवा पलंगाकडं येतच नव्हती. एसी स्वतःचीच हवा स्वतः पीत होता! आणि स्वतः गार झाला की ठक्.

छताचं आतलं झाकण उघडलं. आत गार हवेची बाजू आणि परतीच्या हवेची बाजू, आणि दोन्हीच्या मधे हात जाईल एवढी फट. तिथं काहीतरी असायला पाहिजे. आणि मग आठवलं.

ईदच्या आधीची साफसफाई. त्या दिवशी हे गाडीतच होते, हवाबदल म्हणून पलंगावर झोपवलं होतं. मी जाळी काढून पुसत होते, आत काळी स्पंजची पट्टी, तेलकट, धुळीनं माखलेली. ईदला गाडीत घाण नको म्हणून ओढून काढली आणि कचऱ्यात टाकली. मीच! थर्मोस्टॅट नाही, गॅस नाही, मी.

धुपाटणं घेऊनच घरात पळाले. "सापडलं, सापडलं" म्हणून ओरडले.

काय सापडलं, असं ह्यांनी विचारलंच नाही. हळूच म्हणाले, "पट्टी ना? ईद के टैम निकाली सो?"

धुपाटणं खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हौ."

"कधीपासून?"

"तू पैल्ले दिन चालू करी ना, तब से. खिडकी में से ठक ठक सुनके समझ्या."

दहा दिवस. दहा दिवस मी टपावर चढतेय, घामाघूम होतेय, त्या बसवराजवर खेकसतेय, आणि हा माणूस खिडकीतून ऐकतोय! वीस वर्षं गाड्या चालवलेला माणूस. आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगायचा.

पुढं लिहवत नाही.

१५ मे, शुक्रवार

बोलले नाही. कूस बदलली, अंग पुसलं, लघवीची पिशवी रिकामी केली, भरवलं. सगळं केलं, शब्द नाही काढला.

नवी पेठेतून जाड थर्माकोल आणि चंदेरी चिकटपट्टी आणली. बसवराजनं बॅटरी धरली, मी मापात कापून मधली भिंत उभी केली, चहूबाजूंनी पट्टी मारली. कुठून म्हणून वारा जाऊ नये अशी. बसवराज ओशाळला होता. "वहिनी, तुमी दुकान टाका, मी कामाला येतो."

बा. ४४. आ. ३६... ३३... ३०. चाळीस मिनिटांत २७! पलंगावर हात ठेवला तर चादर गार. बसवराजनं टाळी मागितली, दिली.

तो गेल्यावर गाडीच्या पायरीवर बसून रडले. आनंदानं नाही. रागानं.

१६ मे, शनिवार

दुपारी भरवताना म्हणाले, "बोलना नै क्या मेरे से?"

"बोलीन. आधी सांगा, का?"

भात गार झाला. मग म्हणाले, "हितला डॉक्टर हर टैम 'बघू' बोलता. पुनेवाला साफ बोलेगा. कुच नै होता बोल्या तो? अबी कैसा है, नै गए तब तक आस है ना कुच तो."

खरं होतं ते. माझ्या पण मनात येतं, पण मी ते वर येऊ देत नाही. आणि मग एकदम भडकले. "आणि मी? मी रोज तुम्हाला उचलते, कूस बदलते, ते कशाच्या जोरावर? मला नको साफ कळायला?" बोलायला नको होतं. बोलले. बोलून मोकळी झाले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी. हात तिथवर पोचत नाही त्यांचा. मी पुसलं, माझं पण पुसलं त्याच टॉवेलला.

मग सांगितलं, "मी पोत्यासारखं उचलून नेणार नाही तुम्हाला. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पण एसीच्या आडून नाही म्हणू नका."

भात संपवला त्यांनी.

१७ मे, रविवार

जब्बार आला, जेऊरहून पहिल्या गाडीनं. ज्वारीच्या कण्या आणि सल्ले घेऊन. "आपा, गार तर झाली गाडी. मग तोंड का पाडून बसलीस?" त्याला काय सांगू.

वाटेत घरची वीज नाही, म्हणून एसी जनरेटरवर दोन तास चालवून बघितला, गाडी उभी ठेवून. आ. २८. ठीक. सहा तास चालेल का, माहीत नाही. बर्फाची पेटी, नळ्या, फाईल, टॉवेल, सगळं बांधलं. उद्या सहाला निघायचं, रात्री पुण्यात गाडीतच मुक्काम, परवा अकराला डॉक्टर. ह्यांनी अजून हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. सकाळी नाही म्हणाले तर सगळं सोडून ठेवीन. ठेवीन का? तोंडानं म्हणतेय खरी.

१८ मे, सोमवार

टेंभुर्णीच्या पुढं, लिंबाखाली. नऊ वाजलेत. जनरेटर तापून बंद पडलाय. तोवर लिहिते, नाहीतर जीव थाऱ्यावर राहणार नाही.

सकाळी सहाला जब्बारनं ह्यांना गाडीत ठेवलं. एसी लावला. मी स्टेअरिंगवर बसले आणि विचारलं, "निघू का?" जब्बार म्हणाला, "आपा, चल की." त्याला गप्प बसवलं. किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग मागून आवाज आला, "टेंभुर्णी तक जाके देखते."

चाळीसच्या वर गेले नाही. ट्रकवाले हॉर्न मारून मारून पुढं. मारू देत. आ. २६ होतं पूर्ण वाटेत. एकदा मागून घोरण्याचा आवाज आला, तेव्हा एवढं बरं वाटलं.

आणि इथं आल्यावर जनरेटर गेला. आ. २८, २९. आता ३०. ओले टॉवेल घातलेत अंगावर, बर्फ मानेला. जब्बार घाबरलाय. "आपा, मागं फिरू. दोन तासांत घरी. पुढं अजून लई हाय, ऊन चढायलंय." बरोबर आहे त्याचं. ह्यांनी टेंभुर्णीपर्यंतच म्हटलं होतं, टेंभुर्णी झाली. शब्द पाळला त्यांनी. जनरेटरची सबब पण खरी आहे ह्या वेळी, कुणी लपवलेली नाही.

मी जाऊन पलंगापाशी बसले. कपाळावर हात ठेवला, कोमट आहे, तापलेलं नाही. म्हटलं, "मागं की पुढं? तुम्ही म्हणाल तसं. मी रागावणार नाही."

माझ्याकडं बघितलं. छताकडं नाही, माझ्याकडं.

"आगे," म्हणाले. "टॉवेल और गीला कर. आगे."

जब्बार जनरेटरची दोरी ओढतोय. चौथ्यांदा. अजून धरला नाही.