उस्ताद, पोर्ट मोठं करायचं नसतं

उस्ताद, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तेच म्हणतो: त्या हेडच्या बाबतीत तुमचं चुकलं होतं. तुम्ही असतात तर हातातला पाना फेकला असतात. फेका. मी लिहिणारच.

द्वारका चौकाजवळचं तुमचं गॅरेज, नव्वदनंतरची वर्षं. टॅक्सीवाल्यांच्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड लोखंडी झाकण, पुढ्यात घेऊन तुम्ही बसलाय. पेट्रोल-हवा आत जायची वाट, म्हणजे पोर्ट, तुम्ही घासून इतकं रुंद करायचात की आत अंगठा गरगर फिरावा आणि भिंतीत तोंड दिसावं. वाट मोठी तर इंजिनाचा श्वास मोठा, असं तुमचं म्हणणं. आम्ही माना डोलवायचो.

मखमलाबादचा तो झेंडूवाला असंच हेड बसवून गेला आणि आठवड्यात परत आला. दारातूनच म्हणाला, "मिस्तरी, ओझरच्या रोडला लय पळती, पण भरली की त्र्यंबकच्या चढाला बसती. देव काय खाली येऊन झेंडू नेणार हाय?" तुम्ही खापर कार्बोरेटरवर फोडलंत.

मी भंगारातलं तसलंच हेड आणून करवतीनं चिरलं. शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एकच पोर्ट, हे बाहेरून रोज दिसायचं. आतली वाट कुठं फुटते ते तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. नंतरच्या गाड्यांत प्रत्येकाला आपापली वाट आली, इथं मात्र एका पाटावर दोन वावरं. वरच्यानं ओढलं की खालचं अर्धं कोरडं. त्यात पाटच रुंद केला तर पाण्याचा जोर राहील कुठून? झाडांना पाणी घालताना नळीचं तोंड आपण बोटानं दाबतो ते उगाच नाही. आणि आरशासारख्या भिंतीवरून पेट्रोल ओघळतं. जरा खरबरीत असली की हवेत मिसळतं. मला हे त्या चिरलेल्या लोखंडानं शिकवलं.

मग दुसऱ्या हेडचं पोर्ट मी होतं तेवढंच ठेवलं, ओतकामाचे उंचवटे तेवढे काढले आणि तुम्हाला न विचारता त्या झेंडूवाल्याच्या गाडीवर चढवलं. चार दिवसांनी तो त्र्यंबकचे पेढे घेऊन आला आणि तुमच्यादेखत पुडा माझ्या हातात दिला. चूक त्याचीच. आधी तुमच्यापुढं धरायला हवा होता. तुम्ही पेढ्याला हात लावला नाहीत. शांतपणे म्हणालात, "माझ्या गॅरेजात दोन मिस्तरी नांदायचे नाहीत." मी कपडे बदलले आणि निघालो. पाया पडलो नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

नंतर स्वतःच्या शेडमध्ये मी आत जायचं एकही पोर्ट रुंद केलं नाही. गिऱ्हाईक अडून बसलं तर दुसरं गॅरेज दाखवतो.

धूर बाहेर जायची वाट मात्र मी तुमच्यासारखीच चकचकीत करतो, काजळी कमी धरते म्हणून. हे तुमच्याच हाताखाली शिकलो. तुमचा मुलगा अजून तिथंच राहतो, त्याच्याकडे हा कागद देता आला असता, पण देणार नाही. कारण कुणी विचारलं, हे घासकाम कुठं शिकलात, तर मी सांगतो, माझं मीच.